पाथर्डीपर्यंत धरलेली जागा

"आज बाजार ना गं? मग मी अजून घरी कसा?"

शेंगदाणे निवडता निवडता बाबांनी विचारलं. बाजार म्हणजे नगर जिल्ह्यातल्या घोडेगावचा जनावरांचा बाजार. बाबा तिथल्या गुरांच्या दवाखान्यात अकरा वर्षं ड्रेसर होते, डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करणारे. त्याला आता तीस वर्षं उलटून गेली. आम्ही पुण्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या खिडकीतून दिसणारं एकमेव जनावर म्हणजे समोरच्यांचा पामेरियन.

दोन वर्षांपासून बाबांना विसरायला होतं. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलंय, ते मी घरात उच्चारत नाही. खरं तर बाहेरही नाही. सोसायटीत विचारलं तर "तब्येत जरा नरम असते" असं सांगते. जानेवारीत एकदा ते बनियनवर बाहेर पडले आणि तिसऱ्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात सापडले. तेव्हापासून मी शाळेत कामावर जाताना दाराला बाहेरून कडी लावते. हे वाक्य मी आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय.

तर त्या दिवशी शेंगदाणे निवडताना मी म्हणून गेले, "जाऊया आपण घोडेगावला." म्हणून गेले आणि फसले. कारण बाबा दुपारचं जेवण विसरतात, पण हे मात्र पाठ! रोज सकाळी टोपी घालून दाराशी.

बंगळुरूच्या भावाला फोन केला तर तो ओरडलाच. "त्यांना घेऊन एसटीने? वेड लागलंय का? निदान गाडी तरी कर." पण काचा लावलेल्या गाडीत बाबांना कोंडल्यासारखं होतं, दहा मिनिटांत दार उघडायला बघतात, गाडी चालू असली तरी. एसटीत ते शांत बसतात. तिचा खडखडाट त्यांच्या ओळखीचा आहे. ज्यांना अशा माणसाला घेऊन प्रवास करायचाय त्यांनी हे लक्षात ठेवा, त्यांच्या सवयीचं वाहन निवडा, आपल्या सोयीचं नको.

मी मुळात काळजीखोर. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारी. त्यामुळे याद्या झाल्या. एका काळ्या कापडी पिशवीत बाबांचे दोन सदरे, टॉवेल, बिस्किटं, पाणी. माझ्या पर्समध्ये औषधं, दोघांची आधार कार्डं, मोबाईल. शिवाय एक चिठ्ठी. तिच्यावर बाबांचं नाव आणि माझा नंबर. ती त्यांच्या खिशात ठेवायची होती. निघताना दाराशी हातात घेतलीसुद्धा. पण शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराच्या खिशात घालतात तशी चिठ्ठी बाबांच्या खिशात घालवेना. ठेवली परत पर्समध्ये. म्हटलं, मी आहे ना बरोबर.

चैत्र लागला होता. बाजाराचा दिवस धरून निघालो, पुण्याहून सकाळी सव्वासहाची गाडी मिळाली. मला बाई म्हणून अर्धं तिकीट, बाबांना पंच्याहत्तरी ओलांडली म्हणून पूर्ण माफ, फक्त आधार दाखवावं लागतं. वाघोलीपासून शिक्रापूरपर्यंत गाड्यांची रांग, त्यात तासभर सहज जातो, हे धरूनच निघा. शिरूरच्या पुढे मात्र रस्ता मोकळा. सुप्याजवळ चहाला थांबलो तिथली मिसळ झणझणीत होती, पाव मात्र कालचे. बाबांनी मिसळ चाखली आणि म्हणाले, "नगर जवळ आलं." हे त्यांनी पाटी न वाचता सांगितलं म्हणून मी खूश झाले. खूश झाले की मी गाफील होते, हा माझा जुना दोष.

साडेनऊच्या सुमारास नगरच्या स्टँडवर उतरलो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, कंडक्टरपासून काकडीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी मात्र अजून नगरच. घोडेगावसाठी इथून नेवाशाकडे जाणारी गाडी धरायची. ऊसतोडीचा सीझन नुकताच संपला होता, त्यामुळे घरी परतणाऱ्या टोळ्यांची स्टँडवर झुंबड होती. बोचकी, पातेली, कोंबड्या, पोरं.

आता एक गोष्ट, जी महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको, पण सांगते. गाडी फलाटाला लागायच्या आधी तिच्यामागे धावायचं आणि खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला लागेल ते सीटवर टाकायचं. जागा आपली. मग त्या रुमालावर सहसा कुणी बसत नाही, ही या स्टँडांची राज्यघटना. आई यात पटाईत होती. मीही कमी नाही.

एक गाडी आत वळली. पुढच्या काचेत "नेवासा" वाचलं आणि मी धावले. पिशवी खिडकीतून आत टाकली. एका गृहस्थांनी हात देऊन बाबांना वर घेतलं. मीही मागोमाग चढले, बाबांना खिडकीशी बसवलं, पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. तेवढ्यात मला आठवलं की पुण्यापासून मी बाथरूमला गेलेली नाही. गाडी सुटायला अजून वेळ दिसत होता, ड्रायव्हरही खाली उतरलेला. मी बाबांसमोर वाकून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "बाबा, ही जागा सोडायची नाही. कुणी काही म्हणालं तरी उठायचं नाही. माझी जागा धरून ठेवा. मी आलेच."

"जा तू," बाबा म्हणाले.

गाडी कुठून आलीय त्याची ती पाटी होती. कुठे जाणार, त्याची पाटी ड्रायव्हर नंतर लावतो. हे मला माहीत आहे, लहानपणापासून माहीत आहे, आणि म्हणूनच चढण्याआधी कुणाला तरी विचारायची रीत आहे. मी विचारलं नाही.

बायकांच्या रांगेत माझ्यापुढे आठ जणी होत्या. बाहेर आले तर फलाटावर गाडी नव्हती.

पहिल्यांदा वाटलं, मी चुकीच्या फलाटावर आले. मग सगळे फलाट पालथे घातले. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीत चढून बघितलं. "बाबा, बाबा" अशा हाका मारत होते आणि अनोळखी म्हातारे माझ्याकडे वळून बघत होते. नेवाशाची गाडी म्हणून जी मिळाली तिच्यात बाबा नव्हते. त्या गाडीच्या कंडक्टरनेच मला चौकशीच्या खिडकीकडे पिटाळलं. या सगळ्यात किती वेळ गेला कळलं नाही, अर्धा तास तरी असेल. मोबाईल काढायला गेले तर पर्सची चेन ओढता येईना.

खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेले एक कंट्रोलर होते.

"नाव?"

सांगितलं.

"वय? कपडे?"

"अठ्ठ्याहत्तर. पांढरा सदरा, पांढरी टोपी." हे म्हणताना मी मागे वळून बघितलं. स्टँडवरचा प्रत्येक तिसरा म्हातारा पांढऱ्या टोपीत होता.

"मोबाईल हाय का त्यांच्याकडं?"

"माझ्याकडे आहे."

"आधार?"

"माझ्याकडे."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "पत्ता सांगता येईल ना त्यांना कुणी विचारलं तर?"

माझ्यामागे आठदहा माणसं उभी होती. मी खिडकीला तोंड लावून पुटपुटले, "त्यांना जरा विसरायला होतं."

"मोठ्यानं बोला ताई, पंख्यामुळं ऐकू येत न्हाई."

मग मी बोलले. "माझ्या वडिलांना विसरायला होतं! घरचा पत्ता आठवत नाही. कधीकधी मीसुद्धा आठवत नाही!"

दोन वर्षं जे शेजारणीला सांगितलं नव्हतं ते मी नगरच्या स्टँडवर ओरडून सांगितलं. आणि पुढच्याच क्षणी कंट्रोलरांनी ते माइकवरून सगळ्यांना सांगितलं, माझ्यापेक्षा स्पष्ट, दोनदा. "आजोबांना विसरायला होतं, कुणाला दिसले असतील तर चौकशी खिडकीशी यावं." मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं. पण तसं बघायला गेलं तर कुणी माझ्याकडे वाईट नजरेने बघत नव्हतं. रांगेतल्या एका बाईने माझ्या हातातून पर्स घेऊन चेन उघडून दिली, एवढंच.

दोन मिनिटांत डोक्यावर पाटी घेतलेली एक काकडीवाली आली. "काळ्या पिशवीवाले बाबा का? शेजारी कुनाला बसू देईनात ते? पाथर्डीच्या गाडीत हुते की. मी काकडी द्यायला गेल्ते खिडकीशी, तर म्हन्ले, लेक येऊ दे, मग घेतो."

पाथर्डी! नेवासा एका दिशेला, पाथर्डी भलत्याच. कंट्रोलरांनी त्या गाडीच्या कंडक्टरचा नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. "करंजी घाटाच्या आसपास असंल गाडी. तिथं रेंज जाती," ते म्हणाले आणि माझा नंबर लिहून घेतला. "मी लावत राहतो. तुमी निघा मागं."

पाथर्डीची पुढची एसटी पाऊण तासाने होती. मी खिडकीशीच उभी राहिले, तर रांगेतल्या एका फेटेवाल्या आजोबांनी माझा दंड धरला आणि चालवत चालवत मला स्टँडबाहेर जीपपाशी नेलं. जीपवाल्याला त्यांनी तीन वाक्यांत सगळं सांगितलं. इकडच्या जीप चौदा माणसं भरल्याशिवाय हलत नाहीत आणि भाडं शंभराच्या आत असतं. त्या जीपमध्ये आम्ही नऊच होतो.

"काढ रं," मागची एक बाई म्हणाली. "वाटंत भरतील."

"वाटंत कुनाला न्हाई घ्यायचं आज," जीपवाला म्हणाला आणि गिअर टाकला.

ज्यांना या रस्त्याने निवांत जायचंय त्यांच्यासाठी सांगते, भिंगार सोडलं की मोकळं माळरान लागतं, मेहेकरीच्या पुढे डोंगर दिसायला लागतात आणि करंजीचा घाट छोटा पण देखणा आहे असं म्हणतात. मी यातलं काही बघितलं नाही. मी फक्त रस्त्याच्या कडेची माणसं बघत होते. झाडाखाली बसलेली, बांधावरून चाललेली, थांब्यावर टेकलेली. दर दोन मिनिटांनी एक पांढरी टोपी दिसायची आणि मी "थांबा, थांबा" म्हणायचे. जीपवाल्याने चार वेळा थांबवली. चारही वेळा न कुरकुरता. या जिल्ह्यात हरवलेल्या माणसाची खूण म्हणून पांढरी टोपी सांगणारी मी पहिलीच असेन.

शेजारच्या काकांनी मला धीर द्यायचं ठरवलं. "मागं आमच्या भावकीत बी एक म्हातारा असाच गेल्ता. तीन दिवस हुडकला. शेवटी हिरीच्या..."

"अवं, गप बसा की!" त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं.

विहीर. आता मला रस्त्याकडेच्या विहिरीही दिसायला लागल्या.

घाट चढून वर आल्यावर फोन वाजला. अनोळखी नंबर. "ताई, मी पाथर्डी गाडीची कंडक्टर बोलतीय. वडील हायेत गाडीत. बसलेत. काळजी करू नका. पन उतरा म्हन्लं की चिडत्यात."

"त्यांना फोन द्या, प्लीज."

बराच वेळ नुसती खरखर. इंजिनाचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, आणि मधेच, शपथेवर सांगते, शेळीचं ओरडणं. मग पुन्हा कंडक्टरबाई. "फोन घेईनात. म्हनत्यात, पोरीला सांगा, जागा धरलीया, घाई करू नको."

पुढे काही विचारणार तेवढ्यात रेंज गेली.

तुम्हाला वाटेल आता माझा जीव भांड्यात पडला असेल. छे. माझा जीव इतक्या सहजासहजी पडत नाही. आता मला पाथर्डीचा स्टँड दिसायला लागला. गाडी रिकामी होणार, सगळे आपापल्या वाटेने जाणार, कंडक्टर जेवायला जाणार. बाबा खाली उतरणार आणि चालायला लागणार. ते नेहमी डावीकडे चालतात. पाथर्डीच्या स्टँडच्या डावीकडे काय आहे हे मी जीपमधल्या सगळ्यांना विचारलं. कुणी म्हणालं बाजारपेठ, कुणी म्हणालं नुसता रस्ता.

जीपवाल्याने मला स्टँडच्या फाटकापर्यंत सोडलं. एवढं थांबत आलो तरी त्याने बाकीच्यांइतकंच भाडं घेतलं. मी आत पळाले. एका कडेला, सावलीला, एक गाडी उभी होती. इंजिन बंद. आतून करडू ओरडल्याचा आवाज आला.

मी चढले. बाबा तिसऱ्या रांगेत खिडकीशी होते, मी बसवलं होतं तिथेच, तसेच. मांडीवर एक काळं करडू झोपेतून उठून डोळे मिचकावत होतं. आणि शेजारच्या सीटवर काळी पिशवी. सीट रिकामी.

"मिनू," बाबा म्हणाले. "किती वेळ! बस."

त्यांनी पिशवी उचलली. मी बसले. बसले आणि रडायला लागले, अगदी आवाज काढून. बाबा करडाला म्हणाले, "काही नाही, काही नाही."

गाडी रिकामी नव्हती. मागच्या सीटवर ऊसतोडीहून परतणाऱ्या तीन बायका बसल्या होत्या आणि पुढे ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर कंडक्टरबाई. डब्याचं झाकण उघडून ठेवलेलं, पण जेवायला सुरुवात केलेली नव्हती. रडणं ओसरल्यावर मी तिच्यावरच उखडले, लाज वाटते सांगायला. "पहिल्या पाच मिनिटांत कळलं असेल ना तुम्हाला? चुकीच्या गाडीत बसलेत म्हणून? मग थांबवलं का नाही?"

ती शांतपणे म्हणाली, "कळलं की. कुठं जायचं विचारलं तर म्हन्ले घोडेगाव. तवर भिंगार गेल्तं मागं. उतरवलं असतं तर एकट्याला रस्त्यावर उतरवायचं का? गाडीत हायेत म्हंजी एका जागी हायेत. रस्त्यावर सोडल्यावर तुमी कुठं कुठं हुडकलं असतं?" मग हसली. "वय विचारलं तिकिटासाठी. तर म्हन्ले, म्हशीचं वय दात बघून सांगतो, माझं विचारू नका."

मी माफी मागितली. तिने डब्यातली थोडी शेव माझ्या हातावर ठेवली, जणू माफीचा विषयच नव्हता.

मागच्या बायकांमधली वयाने मोठी, तिचं नाव कौसाबाई. करडू तिचंच. तिने पुढचं सांगितलं. नगरहून निघताना गाडी खचाखच भरलेली, वीसबावीस माणसं उभी. ती स्वतः बोचकं डोक्यावर घेऊन बाबांच्या सीटला टेकून उभी होती. एक तरणा गडी बाबांना म्हणाला, आजोबा, गाडी सुटली, आता कुनी येत न्हाई, सरका. तर बाबा भेदरले. पिशवी दोन्ही हातांनी दाबून धरली. म्हणाले, माझी मुलगी येणार आहे, तिने सांगितलंय.

"मी त्या पोराला म्हन्लं, न्हाई बसलं तर काय मरत न्हाई आपन. धरू द्या त्यांना जागा," कौसाबाई म्हणाली. "मग कुनी न्हाई इचारलं."

"पुढच्या थांब्यांवर चढलेल्यांनी?"

"त्यांना आमीच सांगत हुतो की. ती जागा धरलेली हाय म्हून."

मेहेकरीला, करंजीला, तिसगावला, प्रत्येक ठिकाणी नव्याने चढणाऱ्यांना उभी असलेली माणसं सांगत होती की ती जागा रिकामी नाही. सहा महिने ऊस तोडून आलेली, सकाळपासून ताटकळलेली माणसं. मी तेव्हा वीसेक किलोमीटर मागे जीपमधून विहिरी बघत होते.

"आणि करडू?"

"त्याला हगवन लागलीया. पिशवीत ओरडाया लागलं तर बाबांनी मागितलं. डोळ्याची पापनी उलटी करून बघितली, म्हन्ले जंत झालेत. मग निजलंच त्यांच्या मांडीवर." तिने हात हलवला. "मला खरं तिसगावला उतरायचं हुतं. पर त्याला उठवू कसं? आन् म्हन्लं, लेक येऊस्तोवर बसावं. ह्या दोघी माझ्यासंगं थांबल्या."

तिसगाव मागे राहिलं होतं. एवढं म्हणून तिने फडकं सोडलं. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. घरी दोन फुलके चिवडत बसणाऱ्या बाबांनी दीड भाकरी खाल्ली. मीही खाल्ली. पाथर्डीत जेवायची सोय काय, असं कुणी कमेंटमध्ये विचारेल, तर मला खरंच माहीत नाही.

जेवताना कौसाबाईने विचारलं, "घरी कोन असतं त्यांच्याजवळ?"

का कोण जाणे, मी खरं सांगितलं. "कुणी नाही. मी कामावर जाते तेव्हा बाहेरून कडी लावते."

मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. ती भाकरीचा तुकडा मोडत राहिली. मग म्हणाली, "माझ्या सासूला बी असंच हाय. आमी सीझनला जातो तवा ती घरीच ऱ्हाती. कडी न्हाई लावत. गल्लीला सांगून जातो."

"सगळ्या गल्लीला?"

"मग? सांगितल्याबिगर कळंल कसं कुनाला?"

"भीती नाही वाटत?"

"वाटती की. ऊस तोडताना बी वाटती. पर कडी लावली की तिला वाटती."

मी बाबांकडे बघितलं. ते करडाच्या कानामागे खाजवत होते. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच, बंद दाराच्या आत, त्यांना काय वाटत असेल हे मी कधी विचारलं नव्हतं. कडी लावताना आवाज होऊ नये म्हणून मी ती हळूच सरकवते. म्हणजे मलाही ते माहीत होतं.

परत जायला तीच गाडी, त्याच दोन सीट. कौसाबाई आणि बाकीच्या दोघी तिसगावला उतरल्या. बाबांनी खिडकीतून सांगितलं, "ओला पाला घालू नका. जंताचं औषध द्या, सकाळी, उपाशीपोटी." "व्हय डॉक्टर," ती म्हणाली आणि बोचकं डोक्यावर घेऊन चालायला लागली. गाडी हलल्यावर बाबांनी मला विचारलं, "कोण होती गं ती?"

नगरला मुक्काम केला. स्टँडजवळ लॉज भरपूर आहेत. कोपऱ्यातली खोली घ्या, रस्त्याकडची घेऊ नका, हॉर्नने झोप लागत नाही. चिठ्ठी मी त्या संध्याकाळी बाबांच्या खिशात घातली. "काय आहे?" म्हणाले. "माझा नंबर," म्हटलं. "बरं केलंस," म्हणाले. इतकं सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी घोडेगावला पोचलो, यावेळी गाडीत चढण्याआधी तीन माणसांना विचारून. बाजार अर्थातच आदल्या दिवशी होऊन गेला होता. मैदान रिकामं. खुंट्या, शेणाचे पो, तुटलेली दावी, थोडा सांडलेला कडबा. तुम्ही जाणार असाल तर बाजाराच्या दिवशीच जा, आमच्यासारखं करू नका. मला भीती होती की बाबा हिरमुसतील. त्यांनी हात मागे बांधून मैदानाला एक फेरी मारली, मधे दोनदा थांबले, एका खुंटीपाशी वाकून काहीतरी बघितलं. परत येऊन म्हणाले, "आवक कमी आहे आज. पण माल चांगला आहे."

"हो," मी म्हटलं.

घरी येऊन आता दीड महिना झाला. बाबांना यातलं काही आठवत नाही. घोडेगाव नाही, पाथर्डी नाही, करडू नाही. भावाला सगळं सांगितलं तेव्हा तो जे बोलायचं ते बोलला, आणि त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. एका कंडक्टरने वेगळा विचार केला असता तर हे मी काही निराळंच लिहीत बसले असते. ही गोष्ट गोड शेवटाची म्हणून वाचू नका. ती गाडी अजूनही माझ्या स्वप्नात फलाटावरून निघून जाते.

पण पुण्याला आल्यावरच्या सोमवारी मी खाली उतरले आणि सांगत सुटले. वॉचमन, किराणावाले, तळमजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी, गेटजवळ टपरीत इस्त्री करणारे रामदासकाका. "बाबांना विसरायला होतं. खाली आले तर लक्ष ठेवाल का?" पहिल्यांदा नुसती पुटपुटले. चौथ्यांदा जमलं. कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "अगं, आम्हाला कधीचं माहीत आहे. तू बोलत नव्हतीस म्हणून आम्हीही गप्प."

कडी अजून दाराला आहे. मी ती लावत नाही. मी शांत झालेय असंही नाही, शाळेच्या ग्रंथालयातून दिवसाला चार फोन करते, रामदासकाका माझा नंबर बघितला की फोन उचलून आधी "आहेत, आहेत" म्हणतात आणि मग हॅलो.

गेल्या गुरुवारी शाळेतून आले तर गेटजवळच्या बाकावर बाबा बसले होते. कुलकर्णी वहिनी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन शेजारी उभ्या, उन्हाने लाल झालेल्या.

"वहिनी, बसा की," मी म्हटलं.

"कुठे बसू? बघ ना."

बाबांच्या शेजारी बाकावर काळी पिशवी ठेवलेली होती. त्यांनी मला बघितलं आणि ती उचलून मांडीवर घेतली.